रफूची लोकर आणि गालिच्याचा धागा

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला असलेल्या 'की' बेटांभोवती उथळ, गुडघाभर पाण्याखाली वाळूची मैदानं पसरलेली आहेत. भरतीबरोबर तिथे पर्मिट नावाचा चपटा, रुपेरी मासा खेकडे शोधत येतो. गळाने मासे धरणाऱ्यांमध्ये हा मासा कमालीचा संशयी म्हणून ओळखला जातो. आमिषापाशी येतो, त्याच्यावर तोंड खाली करून थांबतो, निरखतो आणि वळून निघून जातो. नकली आमिषावर असा एखादा मासा मिळावा म्हणून लोक वर्षानुवर्षं त्या पाण्यात उभे राहतात. कॅलिफोर्नियाच्या डेल ब्राउन यांनी १९८०च्या दशकात या माशासाठी एक नकली खेकडा बांधला. त्याचं अंग होतं घरच्या घरी गालिचे करणाऱ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या 'आंट लिडिया' छापाच्या जाड धाग्याचं. फिकट आणि गडद तपकिरी धाग्याचे तुकडे गळाच्या दांडीवर एकाआड एक आडवे बांधायचे, कात्रीने कातरून गोल करायचे, खाली रबराचे पाय आणि पुढे शिशाचे डोळे लावायचे. झाला खेकडा. ब्राउन यांनी फ्लायवर, म्हणजे अशा हाताने बांधलेल्या हलक्या नकली आमिषावर, एकूण ५१३ पर्मिट पकडले आणि त्यांचा हा खेकडा आजही या माशासाठी पहिल्या पसंतीचा मानला जातो.

'हाताने घडणाऱ्या वस्तू' हे सूत्र या अंकासाठी ठरलं, तेव्हा हा गालिच्याचा धागा शोधाची सुरुवात म्हणून योग्य वाटला. नकली आमिषं बांधणं ही शेकडो वर्षांची हस्तकला आहे आणि तिच्याभोवती मोठा बाजार उभा आहे: खास पैदाशीच्या कोंबड्यांची पिसं, रंगवलेली केसाळ कातडी, छोट्या छोट्या पाकिटांत भरलेले चमचमते धागे. या बाजारात नवखा माणूस शिरला की पहिला प्रश्न पैशांचा येतो. मग कुणीतरी त्याला सांगतं की शिवण-विणकामाच्या, मुलांच्या हस्तकलेच्या सामानाच्या दुकानात जा, तिथे बरंचसं मिळेल. हा सल्ला बहुतेकदा तडजोडीच्या सुरात दिला जातो. परवडत नाही तोवर हे वापर, नंतर खरं सामान घे. माझं म्हणणं वेगळं आहे. या कलेचा इतिहास आणि माशाचं वागणं दोन्ही नीट पाहिलं, तर हस्तकलेच्या दुकानातलं स्वस्त सामान ही तडजोड ठरत नाही. ही कला तिथूनच निघाली, आणि गेल्या शंभर वर्षांतल्या तिच्या कितीतरी मोठ्या सुधारणाही तिथूनच आल्या. महागडी, दुर्मीळ पिसं हा मधला एक आडरस्ता होता आणि त्याची किंमत पक्ष्यांनी मोजली.

दोऱ्याच्या ताणावर उभी राहिलेली वस्तू

आपल्याकडे नदीवर किंवा खाडीवर गळ टाकणारा माणूस गांडूळ, कणकेचा गोळा किंवा कोळंबी लावतो. शिसं गळाला खाली ओढतं, दोर त्याच्यामागून जातो. फ्लाय-फिशिंगमध्ये हे उलटं आहे. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस, लोकर बांधून केलेला नकली किडा किंवा नकली लहान मासा. तो जवळपास बिनवजनी असतो, त्यामुळे फेकता येत नाही. म्हणून दोरच जाड आणि जड केलेला असतो, लवचीक काठीने तो दोर हवेत पुढे-मागे झुलवून फेकला जातो आणि फ्लाय त्याच्या टोकाला वाहून नेली जाते. एवढं समजलं की सामानाची पहिली अट कळते. ते हलकं हवं, हवेत फार अडणारं नको आणि पाण्याने फुगून दगड होणारं नको.

बांधणीची रीत तशी सोपी आहे. टेबलाच्या कडेला लावलेल्या लहानशा व्हाइसमध्ये गळ वाकाजवळ घट्ट धरतात. दोऱ्याचं रीळ बॉबिनमध्ये बसवलेलं असतं आणि ते खाली लोंबत राहिल्यामुळे दोऱ्यावर सतत ताण असतो. फ्लायमध्ये शेवटची गाठ सोडली तर मधे कुठेही गाठ नसते. एकावर एक वेढे बसतात, प्रत्येक वेढा आधीच्याला दाबून धरतो आणि सगळी वस्तू त्या ताणावर उभी राहते. पेनसिल्व्हेनियातल्या रस ब्लेसिंग यांनी १९६७च्या सुमारास तयार केलेली 'वूली बगर' ही फ्लाय बहुतेक शिकाऊ लोक सुरुवातीलाच बांधतात. दांडीवर तारेचे काही वेढे वजनासाठी, मागे दांडीइतक्याच लांबीची मऊ पिसांची शेपटी, अंगाला शेनील म्हणजे मखमली लव असलेला जाड दोरा, आणि त्यावरून नागमोडी फिरवलेलं कोंबड्याच्या मानेचं एक पीस. पाण्यात ती जळू वाटते, बेडकाचं पिल्लू वाटते, किड्याची अळी वाटते, लहान मासाही वाटते. कशाचीच हुबेहूब नक्कल नसल्यामुळे ती सगळ्यांची जागा घेते. आणि तिच्यातली प्रत्येक गोष्ट, गळ सोडून, अमेरिकेतल्या कुठल्याही हस्तकलेच्या दुकानात मिळते. शेनील तिथे खेळण्यांच्या आणि सजावटीच्या कामासाठी असतं. शेपटीचं मऊ पीस नाटकाच्या पोशाखासाठी विकल्या जाणाऱ्या पिसांच्या माळेतून काढता येतं; ते मुळात टर्कीचंच असतं.

पिसांचा मोह

नकली किड्याने मासे धरण्याचं सर्वांत जुनं वर्णन रोमन लेखक इलियन याने सुमारे १८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. मॅसेडोनियातले लोक गळाभोवती लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं त्यावर बांधतात, असं तो सांगतो. म्हणजे आरंभीची कृती घरातल्या मेंढीच्या लोकरीची आणि अंगणातल्या कोंबड्याची आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापल्या गेलेल्या, डेम जुलियाना बर्नर्स यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या गळमासेमारीच्या पुस्तिकेत बारा फ्लाय दिल्या आहेत. त्यांतही लोकर आणि बदकाची पिसं आहेत. शेकडो वर्षं हे असंच चाललं.

बदल झाला तो एकोणिसाव्या शतकात, साम्राज्याच्या जहाजांबरोबर. टोप्यांच्या फॅशनसाठी जगभरातून पक्ष्यांची पिसं लंडनच्या लिलावांत येऊ लागली आणि सामन मासा पकडणाऱ्या श्रीमंत ब्रिटिशांच्या फ्लाय रंगीत होत गेल्या. जॉर्ज केल्सन यांचं 'द सामन फ्लाय' हे १८९५ सालचं पुस्तक या वेडाचा कळस मानलं जातं. 'जॉक स्कॉट' या एकाच फ्लायमध्ये दक्षिण अमेरिकेतल्या टूकनची पिसं, त्याच खंडातल्या कोटिंगाची निळी पिसं आणि भारतातून गेलेल्या रानकोंबड्याची पिसं एकत्र येतात. हा रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवणारा करडा रानकोंबडा. नराच्या मानेवरच्या पिसांना टोकाशी मेणासारखे चकचकीत, फिकट पिवळे ठिपके असतात. असं एक पीस फ्लायच्या गालावर बसवलं की तिला डोळा आला. त्या डोळ्यासाठी किती रानकोंबडे मारून त्यांच्या माना परदेशी गेल्या, याची कल्पना करणंही जड जातं. १९०२ साली हिंदुस्थान सरकारने पक्ष्यांची कातडी आणि पिसं निर्यात करायला बंदी घातली, १९२१ साली ब्रिटनने पिसांच्या आयातीवर कायदा केला, आणि आज आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा या पक्ष्याला संरक्षण देतो.

या सगळ्या थाटामागे एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. समुद्रातून नदीत अंडी घालायला आलेला अटलांटिक सामन जवळपास खाणं सोडून देतो. त्यामुळे त्या रंगीबेरंगी फ्लाय कुठल्याही भक्ष्याची नक्कल नव्हत्या, आणि तरीही कुठल्या पाण्यात, कुठल्या प्रकाशात कोणतं पीस हवं याचे काटेकोर नियम सांगितले जात. पुढे स्कॉटलंडच्या आणि आइसलंडच्या नद्यांवर हरणाच्या शेपटीचे किंवा शेळीचे रंगवलेले केस आणि कृत्रिम तंतू बांधलेल्या साध्या फ्लाय आल्या, आणि सामन त्यांवरही तसाच येत राहिला. आज नदीवर मासे धरायला जाणारे बहुसंख्य लोक याच साध्या फ्लाय वापरतात. पिसांची भव्य फ्लाय चौकटीत, काचेमागे गेली.

पण मोह संपला नव्हता. जून २००९मध्ये लंडनमध्ये बासरी शिकणाऱ्या आणि व्हिक्टोरियन फ्लाय बांधण्यात निपुण असलेल्या एका अमेरिकन विद्यार्थ्याने हर्टफर्डशरमधल्या ट्रिंगच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये रात्री शिरून २९९ पक्ष्यांची कातडी चोरली. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी एकोणिसाव्या शतकात गोळा करून आणलेले नमुनेही होते. पिसं सुटी करून फ्लाय बांधणाऱ्यांनाच विकली गेली. बरेच नमुने परत मिळाले. पण पक्षी कुठे, कधी, कुणी मिळवला हे सांगणारी चिठ्ठी अनेकांच्या पायाला उरली नव्हती, आणि चिठ्ठीशिवाय अशा नमुन्याचं शास्त्रीय मोल फारसं राहत नाही. कर्क वॉलेस जॉन्सन यांच्या 'द फेदर थीफ' या २०१८च्या पुस्तकात हे प्रकरण सविस्तर आलं आहे. 'दुर्मीळ म्हणजे चांगलं' ही समजूत शेवटी कुठवर नेते, ते या चोरीने दाखवलं.

माशाच्या बाजूने पाहिलं तर

मासा पिसाची किंमत वाचत नाही, हे कुणीही मान्य करेल. तो नेमकं काय वाचतो, हा खरा प्रश्न. डच शास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांनी लायडनमध्ये स्टिकलबॅक या लहान माशावर केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. विणीच्या काळात या नराचं पोट लाल होतं आणि आपल्या हद्दीत दुसरा लाल पोटाचा नर आला की तो तुटून पडतो. टिनबर्गन यांनी टाकीत दोन तऱ्हेच्या प्रतिकृती सोडल्या. एक हुबेहूब स्टिकलबॅक, पण लाल रंग नसलेली. दुसऱ्या ओबडधोबड, माशासारख्या न दिसणाऱ्या, पण खालून लाल रंगवलेल्या. हल्ला ओबडधोबड लाल तुकड्यांवर झाला. खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली तरी टाकीतले नर तिच्या दिशेने धावत. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी टिनबर्गन यांना पुढे १९७३चं नोबेल विभागून मिळालं.

यावर कुणी म्हणेल की हद्दीसाठी भांडणं वेगळं आणि भूक वेगळी. खरं आहे. संथ, काचेसारख्या पाण्यातला जुना ट्राउट मासा आमिषाजवळ येऊन बराच वेळ निरखतो आणि तिथे आकारात थोडी चूकही महागात पडते. पण तो निरखतो त्या गोष्टी कोणत्या? आकारमान, बाह्यरेषा, पाण्यात बुडण्याचा किंवा तरंगण्याचा वेग, हालचाल, आणि प्रकाश अंगावरून कसा परततो ते. मोंटानातले गॅरी लाफाँटेन आणि त्यांचे सहकारी पाणबुड्याची साधनं लावून नदीत उतरले आणि ट्राउट कॅडिस या किड्याला कसा गिळतो ते त्यांनी खालून पाहिलं. तळातून वर येणाऱ्या किड्याच्या अंगाभोवती हवेचं चमकतं आवरण असतं आणि मासा त्या चमकेला धरून येतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. ती चमक कुठलंही पीस देऊ शकत नव्हतं. ती दिली 'अँट्रॉन'ने. ड्यूपाँट कंपनीचा हा नायलॉनचा तंतू गालिच्यांसाठी वापरला जाई. त्याचा छेद तीन पाकळ्यांचा असल्याने त्यावर हवेचे बुडबुडे टिकतात आणि प्रकाश परततो. १९८१ साली लाफाँटेन यांनी 'कॅडिसफ्लाइज' या पुस्तकात यावर आधारित फ्लाय मांडल्या आणि ट्राउटच्या नद्यांवर त्या सर्वमान्य झाल्या. पुन्हा गालिच्याचाच धागा.

इंग्लंडमधलं उदाहरण तर रफूच्या डब्यातलं आहे. विल्टशरमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांना ट्राउटच्या पाण्यात माजलेले ग्रेलिंग मासे कमी करायचे होते. त्यांनी गळावर तांब्याची तार गुंडाळली आणि वरून मोजे रफू करण्याची 'चॅडविक ४७७' या क्रमांकाची लोकर. बस, एवढंच. ओली झाली की या लोकरीला गुलाबीसर राखाडी छटा येते आणि ती नदीतल्या लहान झिंग्यासारखी दिसते. 'किलर बग' या नावाने ही फ्लाय गाजली. जपानमध्ये डोंगरी ओढ्यांवर चालणाऱ्या 'तेनकारा' मासेमारीत हिसाओ इशिगाकी यांच्यासारखे जाणकार एकाच धाटणीची फ्लाय वापरतात: शिवणाचा दोरा आणि कोंबड्याचं एक पीस. मासा बदलला, पाणी बदललं, तरी फ्लाय तीच. या तिन्ही ठिकाणी माणसाने माशाला काय लागतं ते आधी ओळखलं आणि मग ते काम करणारी वस्तू घरात शोधली. पैसे वाचले ते त्या शोधाबरोबर.

फळ्यांपुढे उभं राहून

दुकानात शिरल्यावर लेबल वाचणं ही अर्धी कला आहे, कारण लेबलावर तंतूचं नाव असतं आणि त्या नावात तो पाण्यात काय करेल हे असतं. पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्याहून किंचित कमी, म्हणून तो तरंगतो. पृष्ठभागावरच्या किड्यांचे पंख त्याचे करावेत. नायलॉन आणि अॅक्रिलिक पाण्याहून थोडे जड, ते हळू बुडतात. पॉलिएस्टर त्यांहून जड. लोकर स्वतः जड आहेच, शिवाय पाणी पिते, म्हणून तळाशी चालणाऱ्या फ्लायला ती उत्तम. शंका असेल तर धाग्याचा नखाएवढा तुकडा पेलाभर पाण्यात टाकून, बोटाने दाबून सोडून द्यावा. वर येतो की खाली जातो, ओला झाल्यावर रंग किती गडद होतो आणि तंतू एकमेकांना चिकटतात की मोकळे राहतात, हे तिथेच कळतं. रंग कोरडा पाहून लोकर घेणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

फोम शीटची फळी सर्वांत श्रीमंत. शाळेच्या प्रकल्पांसाठी आपल्याकडेही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात ती दोन मिलिमीटर जाडीची रंगीत पत्रकं बंद पेशींच्या ईव्हीए फोमची असतात. पाणी आत शिरत नाही, त्यामुळे फ्लाय दिवसभर तरंगते. युटातल्या ग्रीन नदीवर काळ्या फोमची पट्टी आणि रबराचे पाय एवढ्यावर 'चर्नोबिल अँट' उभी राहिली आणि तिच्यातून फोमच्या नाकतोड्यांचं आणि सिकाडांचं कुळच्या कुळ निघालं. बॉस्टनमध्ये टॅक्सी चालवणारे जॅक गार्टसाइड यांनी फोमची पट्टी अंगावरून दुमडून पुढे ओठासारखी मोकळी सोडली. ओढली की ती पाण्यावर बुडबुड आवाज करते. 'गर्गलर' या नावाने ती पट्टेरी बास माशासाठी समुद्रकिनाऱ्यांवर वापरली जाते. फोम बांधताना दोरा एकदम आवळला तर तो फोम कापतो. पहिले दोन वेढे सैल, मग हळूहळू ताण, आणि खाली सुपरग्लूचा थेंब. नाहीतर अंग दांडीभोवती फिरत राहतं.

बाहुल्यांच्या आणि कळसूत्री खेळण्यांच्या केसांसाठी विकली जाणारी कृत्रिम फर लहान माशांच्या नकलेला फार चांगली. तिच्यात लांब केस आणि बुडाशी आखूड, दाट लव असते. मुळाशी चिमूट धरून कापायची, लव कंगव्याने विंचरून काढायची आणि लांब केस बांधायचे. काढलेली लव फेकू नये. ती दोऱ्यावर पिळून दुसऱ्या फ्लायचं अंग होतं. पांढऱ्या फरवर पक्क्या शाईच्या मार्करने आडवे पट्टे ओढले की खाडीतल्या पिल्लाचा रंग येतो. पाण्यात ही फर थांबल्यावरही हलत राहते, आणि हरणाच्या शेपटीचे ताठ केस तसे हलत नाहीत.

शेनील बांधताना टोकाची लव नखाने खरवडून आतला दोरा मोकळा करावा आणि तोच बांधावा, म्हणजे शेपटीजवळ गाठोडं होत नाही. काचमणी घेताना छिद्र पाहावं. फ्लायसाठी म्हणून विकले जाणारे मणी एका बाजूने रुंद कोरलेले असतात, त्यामुळे गळाच्या वाकावरून सरकतात. दागिन्यांच्या मण्यांचं छिद्र सरळ असतं आणि ते गळाच्या टोकाजवळच्या उलट्या काट्याशी अडतात. काटा पक्कडीने दाबून सपाट केला की तेच मणी सरकतात. काच पितळेइतकी जड नसते, त्यामुळे उथळ, मंद पाण्यात काचमण्याची फ्लाय सावकाश उतरते. नेलपॉलिशचा पारदर्शक थर शेवटच्या गाठीवर पुरतो. आणि ज्या डोळ्यासाठी रानकोंबड्याची मान गेली, तो डोळा बाहुल्यांच्या सामानात चिकटपट्टीवर तयार मिळतो.

जे म्हणतात ते चूक नाही, पण

अनुभवी बांधणाऱ्यांचे काही आक्षेप गंभीर आहेत. पहिला टिकाऊपणाचा. सजावटीच्या पिसांचा रंग अनेकदा पाण्यात उतरतो, शेनील फिकटतं, आणि सर्वसाधारण शिवणाचा दोरा फ्लायच्या दोऱ्याहून कितीतरी जाड असतो. अठरा क्रमांकाच्या बारीक गळावर तो वापरला तर डोकं अंगाएवढं होतं. हे मान्य करायलाच हवं. बारीक फ्लायसाठी बारीक दोरा विकत घ्यावा, त्याचं एक रीळ खूप काळ पुरतं. पण 'स्वस्त म्हणजे तकलादू' हा सरसकट नियम खरा नाही. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर बॉब पोपोविक्स यांची अडचण अशी होती की ब्ल्यूफिश हा मासा धारदार दातांनी पिसांच्या फ्लाय एका चाव्यात भुगा करत असे. त्यांनी कृत्रिम तंतूंवर इपॉक्सीचा पारदर्शक थर चढवून फ्लाय केली. 'सर्फ कँडी' नावाची ही फ्लाय त्या दातांनाही टिकली.

दुसरा आक्षेप मला अधिक पटतो. पृष्ठभागावर पायांच्या टोकांवर उभी राहणारी कोरडी फ्लाय बांधायला कोंबड्याचं ताठ, लांब, एकसारख्या तंतूंचं पीस लागतं. अशी पिसं देणाऱ्या कोंबड्यांची पैदास कोलोरॅडोसारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून झाली आहे आणि हस्तकलेच्या दुकानातलं कुठलंही पीस त्यांची बरोबरी करत नाही. इथे पैसे घालणं योग्य आहे. हे पीस पाळीव कोंबड्याचं आहे, त्याच्यासाठी जंगल रिकामं होत नाही, आणि त्याची किंमत तो पाण्यावर करत असलेल्या कामाची आहे. तरी महाग बाजारातही हमी नसते. २०११ साली अमेरिकेत केसांत लांब पिसं माळण्याची फॅशन आली, ब्यूटी पार्लरांनी हीच पिसं उचलली आणि फ्लायच्या दुकानांत ती मिळेनाशी झाली. भाव कित्येक पटींनी चढले.

तिसरा आक्षेप पुरवठ्याचा, आणि तो उलट दिशेने कापतो. चॅडविकने ४७७ बनवणं बंद केलं, तेव्हा उरलेली लोकर संग्राहकांच्या भावाने विकली जाऊ लागली. क्लीव्हलंडमध्ये १९४३ साली सुरू झालेली, शिवणकामाच्या सामानासाठी अमेरिकाभर माहीत असलेली जोअॅन ही दुकानांची साखळी २०२५ साली पूर्ण बंद झाली. म्हणजे स्वस्त वस्तूही नाहीशी होते. पण ४७७साठी चढे भाव देणारा माणूस सॉयर यांच्या पद्धतीचा उलटा अर्थ लावतो. सॉयर यांच्या डब्यात ती लोकर होती म्हणून त्यांनी ती घेतली. तशाच छटेची शेटलंडची विणकामाची लोकर आज त्या जागी वापरली जाते आणि ग्रेलिंगने त्याबद्दल काही तक्रार केल्याचं दिसत नाही.

आणि सौंदर्य? स्कॉटलंडच्या ब्रोराजवळ मेगन बॉइड यांनी सारं आयुष्य एका झोपडीवजा घरात सामन फ्लाय बांधण्यात घालवलं. त्यांना १९७१ साली ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं आणि स्वतः त्यांनी मासेमारी केली नाही. अशा हातांसमोर मान लवते. पण त्या सौंदर्याचा मोठा भाग वेढ्यांच्या समतोलात आणि प्रमाणात आहे, आणि तो कोटिंगाऐवजी रंगवलेल्या टर्कीच्या पिसातही दिसतो. आजचे अनेक उत्तम कारागीर हेच करतात.

प्लास्टिक

सर्वांत जड आक्षेप मात्र माझ्या युक्तिवादाच्या मुळाशी लागतो. पक्षी वाचवून आपण नदीत प्लास्टिक सोडत नाही का? फांदीत अडकून तुटलेली फ्लाय पाण्यात राहते. फोमचे कण, फरचे तंतू, चमकी, सगळं टिकून राहतं. इंग्लंडमधल्या तलावांवर थर्मोकोलचे गोळे जुन्या नायलॉन स्टॉकिंगच्या जाळीत बांधून तरंगते डोळे केले जात. महाराष्ट्रात २०१८च्या बंदीनंतर थर्मोकोलच्या सजावटीकडे आपण ज्या नजरेने पाहू लागलो, तीच नजर इथेही लावायला हवी. युरोपीय संघाने २०२३मध्ये सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले. फ्लाय बांधणाऱ्यांनी ते आपल्यासाठीही आहेत असं समजून वागावं. एका फ्लायमधलं प्लास्टिक ग्रॅमभरही नसतं, हे उत्तर पुरेसं नाही.

पण स्वस्त सामान म्हणजे फक्त प्लास्टिक, हे गृहीत चुकीचं आहे. त्याच दुकानात लोकर आहे, भरतकामाचा सुती दोरा आहे, रेशीम आहे, ताग आहे. सुतळीचे तुकडे बारीक कातरून, पिंजून, दोऱ्यावर पिळले की तळातल्या अळीचं खरखरीत अंग तयार होतं आणि ते हरवलं तरी कुजून जातं. बुडणाऱ्या फ्लाय जवळपास सगळ्या अशा धाग्यांवर बांधता येतात. तरंगणाऱ्या फ्लायसाठी फोमला पर्याय कमी आहे. तिथे चमकीचा फोम टाळावा, दोर जरा मजबूत घ्यावा म्हणजे फ्लाय तुटून मागे राहणार नाही, आणि कातरण पाण्याकाठी झटकू नये. वजनाचा प्रश्न यापूर्वी एकदा असाच आला होता. शिशाच्या गोळ्या गिळून हंस मरत होते, म्हणून १९८७ साली इंग्लंडमध्ये लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. लोकांनी टंगस्टन आणि पितळ घेतलं आणि मासेमारी थांबली नाही.

पैसे कुठे घालावेत

एका ठिकाणी काटकसर करू नये: गळ. मासा लोकरीवर भुलतो, पण थांबतो तो पोलादावर. हलक्या गळाची तार माशाच्या ओढीने उघडते, टोक दोन दगडांना लागलं की बोथट होतं, आणि बोथट गळ माशाच्या तोंडात नीट न बसता फाडत जातो. सोडून देण्यासाठी मासे धरणाऱ्याने तर याची जास्त काळजी घ्यावी. चांगला, टोकदार गळ घ्यावा, बांधण्याआधीच त्याचा काटा पक्कडीने दाबून टाकावा. बांधून झाल्यावर दाबताना गळ मोडला तर सगळी मेहनत गेली. व्हाइसही गळ न घसरता धरणारा हवा, महाग नसला तरी चालेल. बॉबिनची नळी आतून गुळगुळीत हवी, नाहीतर दोरा ऐन शेवटच्या वेढ्याला तुटतो.

अमेरिकेत २००५ साली वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी 'प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स' सुरू झाला. या उपक्रमात हात आणि मन दोन्ही पुन्हा कामाला लागावं म्हणून फ्लाय बांधायला शिकवतात. अशा वर्गांत, शाळांत आणि सार्वजनिक वाचनालयांत प्रत्येकासमोर पुरेसं सामान ठेवता यावं आणि चुकलेली फ्लाय पातीने कापून पुन्हा सुरुवात करताना कुणाचा हात कचरू नये, यासाठी शेनीलचं मोठं बंडल आणि फोमची पत्रकं लागतात. महागड्या पिसावर शिकणारा माणूस वेढा आवळायला घाबरतो, आणि घाबरलेल्या हाताचा वेढा सैल पडतो. पहिल्या काही डझन फ्लाय जाड दोऱ्याने, मोठ्या गळावर, स्वस्त शेनीलच्या बांधाव्यात. बोटांना ताण कळू लागला की मग बारीक दोरा आणि सोळा क्रमांकाचा गळ हातात घ्यावा.